बाई, तिथे कोण होतं?

बाई, या खेपेला बातमी खरी होती.

मागच्या पोळ्याला ती खोटी निघाली होती. बाभुळगावच्या स्टँडवरून मी शाळेकडे निघालो होतो, तेवढ्यात यवतमाळहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं हाक मारली. "मास्तर, तुमच्या कॉलेजातल्या कुमुदबाई गेल्या म्हणते." शाळेत निरोपही न देता मी यवतमाळच्या गाडीत बसलो. उतरल्यावर हार घेतला. तुमच्या गल्लीत वळलो तर दारात माणसं नाहीत. वाटलं, नेलंसुद्धा. आत पाऊल टाकलं तर तुम्ही अंगणात खाटेवर बसून अंबाडीची पानं खुडत होता.

"हार कोणासाठी?" तुम्ही विचारलंत.

मी हार पाठीमागे धरला.

"कोणी सांगितलं तुला?"

"कंडक्टरनं."

"तो इथे आला होता?"

"नाही. त्याले गाडीत कोणीतरी सांगितलं."

"आणि त्या कोणीतरीला?"

मागच्या गल्लीत वकिलांच्या सासूबाई सकाळी वारल्या होत्या. त्यांचंही नाव कुमुद. तुम्ही हार हातात घेऊन पाहिलात, ताजा आहे म्हणालात, आणि समोरच्या दूधवाल्याच्या बैलाच्या गळ्यात घालायला लावलात. मी घालून आलो तेव्हा तुम्ही नुसतं म्हणालात, "इतकी वर्षं शिकवलं ते हे. बस आता, जेवून जा." मी हसायला लागलो आणि ते हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही. तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात आणि पुन्हा पानं खुडायला लागलात.

त्या खोट्या बातमीचे माझ्यावर उपकार आहेत. पोटातलं दुखणं तुम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी जेवताना कळलं. तुमच्या पानात जेमतेम चिमूटभर भात होता. त्यानंतर जमेल तेव्हा मी रविवारी येत राहिलो. बातमी खोटी नसती तर मी आलोच नसतो. नोकरी, लग्न, शाळेच्या तपासण्या यांत मी तुम्हाला उद्यावर टाकत होतो. वर्षभर मिळालं, बाई. बोलायचं ते बरंच बोलून झालं, भांडायचं तेही.

आता मालूताईंचा निरोप आला तेव्हा मी काही विचारलं नाही. तुमची बहीण तुमच्या उशाशी होती. दुपारी दोन घास खिमट घेतलं, खिडकी उघड म्हणाली, डोळा लागला आणि तो लागलाच, असं त्यांनी सांगितलं. शेवटचे काही महिने तुम्ही कुशीवर वळताना ओठ चावायचात आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो. आता ते संपलं. मला मोकळं वाटतंय, आणि हे लिहायला मला संकोच नाही, कारण तुम्हालाही तसंच वाटलं असेल.

तुमच्या वर्गात मी पहिल्यांदा बसलो तेव्हा नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी आम्ही मध्यप्रांतात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो. तुम्ही म्हणालात, "जिल्हा जागेवरच आहे, राज्यंच फिरून राहिली." मागच्या बाकांवर हशा झाला. मी हसलो नाही. उमरखेडकडच्या एका तांड्यातून, मामाकडे राहून शिकून आलेला मुलगा मी, कॉलेजात कधी हसायचं असतं हे मला कळत नव्हतं.

तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "तुझा जन्म कधीचा?"

"जुलैची एक तारीख."

"तुझा?" शेजाऱ्याला विचारलंत.

"जुलैची एक तारीख."

अर्धा वर्ग जुलैच्या एक तारखेला जन्मला होता. तुम्ही खुर्चीवर बसून शांतपणे विचारत राहिलात. कशावरून? दाखल्यावर आहे. दाखल्यावर कोणी लिहिलं? गुरुजींनी. गुरुजी बाळंतपणाला होते का?

त्या दिवशी अभ्यास एवढाच दिला होता: घरी जाल तेव्हा आईला विचारा. सुटीत मी याडीला, म्हणजे माझ्या आईला, विचारलं. ती चुलीपुढून म्हणाली, "तू झाला तवा तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. मले त्यायचे सोले खायची लई वासना झालती." मी येऊन वर्गात सांगितलं. तूर भरते थंडीत. म्हणजे दाखल्यावरची तारीख सहा महिने चुकलेली. तुम्ही म्हणालात, "हिच्याजवळ तारीख नाही, शिक्का नाही. पण ही तिथे होती." माझ्या अक्षर न येणाऱ्या आईचा असा मान कोणी आजवर केला नव्हता. मी त्या दिवसापासून तुमचा झालो.

म्हणूनच पुढचं भांडण मला इतकं लागलं.

कॉलेजच्या इतिहास मंडळात प्रत्येकानं आपल्या गावाचा इतिहास लिहायचा, ही तुमची कल्पना. वाचनालयातून नक्कल करून आणायची नाही, आपण हिंडून लिहायचं. मी गावाहून येताना आमच्या देवीची छापील पुस्तिका आणली. पाटलांच्या नात्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलेली. तिच्यात एक ओळ होती. मोठ्या दुष्काळात देवीचा चांदीचा मुखवटा लमाणांनी पळविला. लमाण म्हणजे आम्ही. तेव्हा तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, माझा आजा होता.

त्या एका ओळीवर आमचं सगळं अडलं होतं. गावची शाळा देवीच्या सभामंडपात भरायची, आणि मुखवट्याच्या चोरांची पोरं मंडपात नकोत, असा जुना रिवाज. कोणी हाकलत नव्हतं. कोणी बोलवतही नव्हतं. तांड्यातली पोरं गुरांमागे जायची. मी शिकलो तो मामाच्या गावी, दुसऱ्याच्या भाकरीवर. माझ्या धाकट्या बहिणीला तेवढंही मिळालं नाही.

मी तुम्हाला ती ओळ दाखवली आणि म्हटलं, हे खोटं आहे.

"कशावरून?"

"आमच्या तांड्याचं गाणं वेगळं सांगते." आमचा ढाडी, म्हणजे पिढ्यांची गाणी गाणारा, सणाला ते गायचा. लुटारू आले, गावकरी पळाले, नायकानं मुखवटा बैलाच्या पालाणाखाली दडवला, देवी स्वप्नात आली आणि मुखवटा घेऊन गेली. मी ते तुम्हाला सगळं म्हणून दाखवलं. तुम्ही मन लावून ऐकलंत.

मग विचारलंत, "पुस्तक लिहिणारे मास्तर तेव्हा होते?"

"नाही. जन्मले बी नव्हते."

"त्यांना पाटलांनी काय दिलं?"

"छपाई केली पाटलांनी."

"बरं. गाणं रचणारा तिथे होता?"

मी पुस्तिका मिटली.

"ढाडीला नायकाच्या घरून काय मिळतं?"

"बैल. कधी गाय."

"मग दोघांत फरक काय, हरसिंग?"

मी उभा राहिलो. तुमच्यासमोर आवाज चढवला तो तेवढ्या एकाच वेळी. "फरक आहे बाई. कागद त्यायचा, छापखाना त्यायचा, देऊळ त्यायचं. आमच्याजवळ तोंड आहे फक्त. त्याले बी तुम्ही तोच नियम लावता तं आमच्याजवळ राह्यलं काय?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "नियम दोघांना सारखा लावलास तरच तुझं कोणी ऐकेल. नाहीतर तुझं गाणं आणि त्यांचं पुस्तक, दोन्ही आपापल्या अंगणात खरी."

मी वर्गातून निघून गेलो आणि बरेच दिवस आलो नाही. मग एका सकाळी तुम्ही आमच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिलात, हातात पिशवी, पायात त्या जाड चपला. खोलीतले बाकीचे दोघे बनियनवर होते, ते दाराआड पळाले. तुम्ही म्हणालात, "मला तुझ्या गावी यायचंय. शनिवारी गाडी किती वाजता?"

एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि तिथून माझ्या वडिलांच्या, बापूंच्या, दमणीतून आपण तांड्यावर गेलो. वाटेत तुम्ही बापूंना बैलांची नावं विचारत होता. त्यांना कॉलेजातल्या बाईंशी काय बोलावं हे कळत नव्हतं, पण बैलांवर ते तासभर बोलले. याडीनं तुरीच्या शेंगा उकडून ठेवल्या होत्या. तुम्ही भिंतीला टेकून शेंगा सोलत बसलात आणि तिला विचारलंत, "हा झाला तेव्हा अशाच होत्या का?" तिला आधी कळेना. मग ती पदराआड हसली.

मुखवट्याचा विषय तुम्ही काढला नाहीत. बापूंना लदेणीबद्दल विचारलंत. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणं, आमचा जुना धंदा. बापूंनी आपल्या बापाकडून ऐकलेलं सांगितलं. कुठल्या घाटात बैल बसायचे, कुठल्या नदीला उतार होता. बोलता बोलता म्हणाले, "शेवटची मोठी खेप दुष्काळात केली म्हणे बापानं. नांदेडाकडून जवारी आणली. लाल जवारी. कडू लागे, तांड्यातले पोट्टे बी थुकून देत. तरी गाववाल्यायनं नेली सारी."

तुम्ही एवढंच विचारलंत, "गावात कोणाच्या घरी नेली?"

"ते नाही मालूम, बाई."

दुपारी आपण गावात पाटलांकडे गेलो. पाटलांनी तुम्हाला खुर्ची दिली, मला ओसरीच्या पायरीशी उभं राहू दिलं. पुस्तिकेबद्दल बोलायला ते तयारच होते. सगळं छापील आहे, बाई, म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि आत कोण आहेत असं विचारलंत. आत त्यांची मोठी काकू होती, तिला सारं घर मोठीमाय म्हणायचं. दुष्काळाच्या आदल्या साली लहानशी नवरी होऊन त्या घरात आलेली. आता गालांच्या सुरकुत्यांत डोळे बुडालेले, पण कान शाबूत.

तुम्ही तिच्याजवळ खाली बसलात. खुर्ची रिकामी राहिली. मी दाराशी सरकलो.

"मोठीमाय, दुष्काळात काय खाल्लंत?"

एवढा साधा प्रश्न. त्या घरात तो तिला कोणी विचारला नसावा. ती बोलत सुटली. तरोट्याची भाजी, नुसती, बिनतेलाची. मग तरोटाही संपला. नणंद गेली, तिच्याच वयाची, दोघी एका वाकळेत निजायच्या. "मंग मामाजीनं देवीचा मुखवटा काढला," ती आपल्या सासऱ्यांबद्दल म्हणाली. "माह्या लग्नाच्या शालूत बांधला. मी म्हटलं, माहा शालू कायले? सासूनं थापड देली."

ओसरीवर पाटील उभे राहिले. "मोठीमाय, काय बोलून राह्यली तू?"

"जे पाह्यलं ते बोलून राह्यली." तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मामाजी नांदेडाकडं गेलते. वापस आले तं संगं जवारी. लाल होती. कडूझर भाकर. पण जीव वाचले, बाई, साऱ्या गावाचे वाचले."

तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. सकाळी तांड्यात आणि दुपारी पाटलांच्या घरात, साठ-पासष्ट वर्षं एकमेकांच्या उंबऱ्यात न गेलेल्या दोन घरांनी तीच लाल, कडू जवारी सांगितली होती. 

तुम्ही विचारलंत, "जवारी आणली कोणी?"

"लमाणायच्या बैलायनं. भाडं घेतलं त्यायनं. काहून नाही घेतीन?"

"मग चोरीचं नाव?"

म्हातारी म्हणाली, "लोकायले काय सांगतं मामाजी? देवी इकली म्हणून सांगतं? पाऊस पडल्यावर लोकं इचारू लागले, मुखवटा कुठी हाये. तांडा तवा उठून दूर गेलता. जो नसते त्याच्यावर नाव लोटता येते."

पाटील दारात उभे होते. रागावले होते, पण नुसते रागावले नव्हते. त्यांच्या आजोबांनी गाव जगवलं होतं आणि ते लपवायला एक खोटं सांगितलं होतं. दोन्ही एकदम ऐकावं लागलं त्यांना. ते म्हणाले, "बाई, हे लेखात घेऊ नका."

मला वाटलं, तुम्ही आता नियम सांगाल. तुम्ही म्हणालात, "हे मोठीमायचं बोलणं आहे. तिला विचारू."

परतताना दमणीत मी तुमच्याशी भांडलो. माझं म्हणणं, उद्याच लिहून वर्तमानपत्राला पाठवू. आपल्याला खरं सापडलंय, आता कोणाची परवानगी कशाला? तुम्ही म्हणालात, "तिनं स्वतःच्या घराच्या विरुद्ध सांगितलं. म्हणून तर आपण तिच्यावर विश्वास ठेवला. उद्या तिला त्याच घरात भाकर खायची आहे." बापू बैल हाकत होते. ते मध्येच म्हणाले, "बाई सही सांगून राह्यल्या." मग थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघतच, "म्हणजे माहा बाप चोर नव्हता."

"नव्हता," तुम्ही म्हणालात.

"पण मुखवटा बी वाचवला नाही त्यानं."

"नाही. जवारी आणली. भाडं घेऊन."

मला भीती वाटली होती की त्या गाण्यावर वाढलेला माणूस आता मोडेल. बापूंनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "बेस झालं," ते म्हणाले. "चोराचा पोरगा म्हणून मान खाली घालून चाललो, आन् घरी गाणं आयकून वर केली. दोन्हीनं मान दुखे. हमालाचा पोरगा बरा." इतकं मोकळं बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

निबंध लिहून झाल्यावर मी एकटाच मोठीमायकडे गेलो. पाटलांनी अडवलं नाही. मी तिला वाचून दाखवला. तिनं एकच दुरुस्ती केली. मी लिहिलं होतं, सासऱ्यांनी मुखवटा विकला. ती म्हणाली, "त्यायनं आंधी देवीचे पाय धरले. रडले. ते बी लेह." मी लिहिलं. मग ती म्हणाली, "कॉलेजात वाचतो तं वाच. पण आंधी मंडपात वाच. साऱ्यायले आयकू दे. माहे किती दिवस राह्यले?"

मंडपात वाचन झालं त्या दिवशी तुम्ही आला होता. मी पहिल्यांदा त्या मंडपात पाऊल ठेवलं, आणि माझ्या मागे, चपला हातात धरून, अर्धा तांडा. मोठीमायला खाटेवर बसवून आणलं होतं. मी वाचत होतो, ती मध्ये मध्ये मान हलवत होती. वाचून संपलं. मग पाटील उठले. मला वाटलं, आता पुन्हा सगळं बिघडणार. ते म्हणाले, "मोठीमायनं सांगतलं तं खरंच असन. ते तवा होती, आपण कोणी नव्हतो." मग गुरुजींकडे वळून, "शाळा सुरू झाली का तांड्यातले पोट्टे घ्या बसवून. पोट्ट्या बी घ्या."

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी सुटी काढून गावी गेलो होतो. दूर निंबाखाली उभा राहिलो, जवळ जायचा धीर होईना. मंडपातून हजेरीचा आवाज येत होता. गुरुजींनी माझ्या बहिणीचं नाव घेतलं आणि तिनं इतक्या जोरात हजर म्हटलं की पोरं हसली. मी खाली बसलो. कितीतरी वर्षांचं ओझं पालाणासकट कोणी उतरवून ठेवलं तसं वाटलं. संध्याकाळच्या गाडीनं तुमच्याकडे आलो आणि सांगितलं. तुम्ही उत्तरपत्रिका तपासत होता. मान वर न करता म्हणालात, "तू स्वतः ऐकलंस?" हो म्हटलं. तेव्हा पेन खाली ठेवलंत, आणि चष्मा काढून बराच वेळ पदरानं पुसलात.

गाण्याचं भांडण मात्र तसंच राहिलं, बाई. निबंधात मी गाणं घेतलं नाही, तुमचं ऐकलं. पण तांड्यात ते अजून गातात, आणि मीही सणाला बसून ऐकतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी पुन्हा विषय काढला. तुम्ही उशीला टेकून बसला होता, आवाज बारीक झाला होता. तुम्ही म्हणालात, "गाणं काय घडलं ते सांगत नाही, हरसिंग. तुम्हाला काय सलत होतं ते सांगतं. त्याची साक्ष तेवढ्यापुरती खरी."

मी म्हटलं, "मग ते निबंधात घ्यायला पाहिजे होतं. तेवढ्यापुरतं."

तुम्ही विचार केलात. खरंच केलात, मला दिसलं. मग म्हणालात, "आज थकले मी. पुढच्या वेळी बोलू." पुढच्या वेळी दुखणं फार होतं, त्याच्या पुढच्या वेळीही. माझं म्हणणं अजून तेच आहे. तुम्ही ते पटलं म्हणाला नाहीत, नाही पटलं असंही म्हणाला नाहीत. आता ते माझ्याजवळच राहील, आणि मला ते जड वाटत नाही. वर्गातल्या पोरांपुढे मी दोन्ही बाजू मांडतो. एक तुमची म्हणून सांगतो.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. तुम्हाला शोकसभा आवडत नसत, हे मला माहीत आहे. हॉल भरला होता. मालूताई पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. गावातले एक मोठे गृहस्थ बोलायला उठले. चांगलं बोलत होते. मग त्यांनी सांगितलं की बाई तरुणपणी चळवळीत तुरुंगात गेल्या, लाठीमार सोसला, आणि त्यांचं डावं मनगट कायमचं वाकडं झालं ते त्या लाठीनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या मुलीनं डोळे पुसले. ती तुमची विद्यार्थिनी, उद्या हे लिहून ठेवणार, आणि मग ते खरं होणार.

मी उठलो.  चांगलं बोललेलं खोडून काढायला मी उभा होतो, तेही तुमच्या शोकसभेत. म्हटलं, "माफ करा. बाई तुरुंगात गेल्या नव्हत्या. मी त्यांना एकदा विचारलं होतं. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला, असं त्यांनी सांगितलं होतं."

 ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मग पहिल्या रांगेत काहीतरी हललं. मालूताई हसत होत्या. आधी पदर तोंडाला लावून, मग उघडपणे. त्या उठल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "पेरूचं झाड होतं. मी खाली उभी होते. मलाच पेरू हवा होता." आणि मग, रडत की हसत ते कळेना अशा आवाजात, "आठ दिवस झाले, सगळे येऊन कोणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलून जातात. हा पहिला माझ्या कुमूबद्दल बोलला."

त्यानंतर सभेचा रंगच बदलला. शिपाई म्हणाला, बाई चहा बशीत ओतून पीत आणि कोणी आलं की बशी लपवत. एक जुना विद्यार्थी म्हणाला, बाईंना कुत्र्याची भारी भीती. लोक हसत होते, डोळे पुसत होते, आणि ते गृहस्थही शेवटी हसले.

निघताना मालूताईंनी मला हाताला धरून बाजूला नेलं. म्हणाल्या, "हात मोडला तरी तिनं पेरू सोडला नव्हता. उठली, अर्धा तोडून मला दिला. इतका कच्चा होता, दात आंबले माझे."

बाई, पेरू कच्चा होता हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं.